विमलकाकूंचा मांचू दरबार

विमलकाकू कुणाचीही ओळख करून घेताना नावाच्या आधी विचारायच्या, "पोटचा की मांडीवरचा?"

मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या दारात. मी कढीपत्ता द्यायला गेलो होतो. काकूंनी मास्क नाकावर चढवला, हातातला आयपॅड माझ्यापुढे धरला आणि रेशमी झगा घातलेल्या, कपाळापासून अर्धं डोकं भादरलेल्या एका तरुणावर बोट ठेवलं. "हा चौथा राजपुत्र. पोटचा कुणाचा आणि मांडीवरचा कुणाचा, सांग बघू."

मी म्हटलं, "काकू, मी पेरोलमध्ये काम करतो."

"मग तर तुला यायलाच हवं. कुणाला कुठली पायरी आणि किती पगार, हेच तर करतोस."

मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आमच्या घरापासून चौथं घर शिरीषचं. शिरीष माझा मित्र, रुग्णालयाच्या लॅबमध्ये शिफ्टवर काम करणारा. घटस्फोटानंतर एकटाच राहत होता. तो विमलकाकूंना काकू म्हणायचा, म्हणून आम्हीही काकू म्हणायचो. साताऱ्याहून त्या तीन महिन्यांसाठी आल्या आणि कोविडमुळे सीमा बंद झाल्यावर इथेच अडकल्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला घरात डांबलं तर ती काय करणार? त्यांना यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्सची एक चिनी राजवाड्याची मालिका सापडली. मालिकेत काय खोटं आहे ते शोधता शोधता त्यांनी मांचू बादशहांचा सगळा इतिहासच वाचून काढला.

त्या हिवाळ्यात मेलबर्नमध्ये रोज तासभर, पाच किलोमीटरच्या आत, एकाच माणसाबरोबर फिरायची मुभा होती. शिरीष झोपलेला तरी असायचा किंवा कामावर तरी. त्याने मला विचारलं, "मिल्या, आमच्या काकूला जरा फिरवून आणशील? नाहीतर ती दिवसभर बीजिंगमध्येच असते." तेव्हापासून आम्ही दोघं आमच्या इस्टेटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, तळ्याभोवती फिरू लागलो. मध्ये दीड मीटरचं अंतर आणि बोलायला मांचू दरबार.

बादशहाच्या बायकांच्या आठ पायऱ्या असत. मला अर्धवट माहिती सोसत नाही, म्हणून मी घरी येऊन तपासलं. पट्टराणी एक, तिच्या खालची एक, मग दोन, मग चार, मग सहा. त्याखालच्या तीन पायऱ्यांना संख्येचं बंधन नव्हतं. काकूंचं सगळं बरोबर निघालं. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आलास तपासून? शाळेत तुझ्यासारखे इन्स्पेक्टर यायचे. त्यांना चहा दिला की जायचे. तू चहाही पीत नाहीस."

या पायऱ्या त्यांनी आमच्या इस्टेटलाही लावल्या. व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या बाई पट्टराणी. त्यांच्या प्रत्येक मेसेजला 'लाइक'चा अंगठा देणाऱ्या बाई दुसऱ्या पायरीवर. माझ्या बायकोला त्यांनी चौथ्या पायरीवर बसवलं. ते ऐकून ती आठवडाभर माझ्याशी तुटक वागली, जणू नेमणूक मीच केली होती.

पण काकूंचा जीव अडकला होता तो त्या चौथ्या राजपुत्रात. खांगशी बादशहाचा हा मुलगा जन्मला तेव्हा त्याची आई इतक्या खालच्या पायरीवर होती, की स्वतःचं मूल वाढवायचा हक्क तिला नव्हता. मूल वरच्या पायरीवरच्या दुसऱ्या राणीकडे गेलं. त्या राणीने त्याला जीव लावला. तिला पट्टराणी केलं गेलं, तेव्हा ती अंथरुणावर होती. दुसऱ्याच दिवशी ती वारली. पुढे भावाभावांत बरीच ओढाताण होऊन हाच मुलगा योंगझेंग बादशहा झाला. आपल्या मुलांत तसं होऊ नये म्हणून वारसाचं नाव आधीच लिहून मोहोरबंद ठेवायची पद्धत त्याने घातली. गादीवर बसल्यावर त्याने जन्मदात्या आईला राजमातेचा किताब देऊ केला.

"आणि ती नको म्हणाली!" काकू चालता चालता थांबल्या. "किताब नको, नवा महाल नको. काही महिन्यांत मेलीसुद्धा. शहाणी! जन्मभर वाट पाहायची आणि ताट वाढलं की उठून जायचं?"

"कारण काय दिलंय?"

"नाही दिलेलं. कुणी म्हणतं, तिचा जीव धाकट्या मुलावर होता. मला नाही पटत." त्या पुढे चालू लागल्या. "मी असते तर घेतला असता."

तळ्यापाशी आल्यावर त्यांनी चाल मंद केली. मग सरळ म्हणाल्या, "शिरीष माझ्या पोटचा आहे. तुला म्हणून सांगितलं. त्याला ठाऊक आहे, सगळ्या घराला ठाऊक आहे. आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, मूल नव्हतं. सासूबाईंनी बारशाच्या दिवशी तो तिच्या मांडीवर ठेवला. दत्तकविधान नाही, काही नाही. मी धाकटी सून. मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. तो तिला आई म्हणायला शिकला आणि मला काकू. पुढे मुलगी झाली, ती तेवढी माझ्याकडे राहिली."

मी विचारलं, "अक्का कशा होत्या?"

"होत्या काय? आहे! साताऱ्याला एकाच घरात राहतो आम्ही दोघी विधवा. भांडतो, पत्ते खेळतो. शिरीष एकटा पडला तेव्हा तीच म्हणाली, 'विमल, मला विमान झेपायचं नाही, तू जा. पोराला गरम जेवण मिळू दे.'" मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "वाईट असती ना, तर सोपं गेलं असतं रे. एकदा तरी त्याने आई म्हणावं, एवढंच वाटतं. मागितलं तर म्हणेल असा भरवसा आहे मला, पण मागणार नाही."

पुढच्या वर्षी भारतात दुसरी लाट आली आणि अक्का गेल्या. काकूंची मुलगी त्यांना रुग्णालयात घेऊन गेली, त्यापुढचं कुणालाच पाहता आलं नाही. शिरीषला इथून निघायला परवानगी हवी होती, आणि निघाला असता तरी परत कधी येता येईल ते कुणी सांगत नव्हतं. त्याने शिफ्ट बदलली नाही, रजा घेतली नाही. विचारलं की म्हणायचा, "आय'म गुड, मेट."

तेव्हा इथे एकमेकांच्या घरी जायला मोकळीक होती. दहाव्याला मी डबा घेऊन गेलो. काकू भात वाढत होत्या. शिरीष ताटाकडे बघत बसला होता. अचानक म्हणाला, "काकू, मी तुला आई म्हणू का आता? म्हणजे... तू आहेसच ना. इतकी वर्षं उगाच..."

मी उठायला लागलो. काकूंनी हातानेच बसायची खूण केली. त्यांच्या हातातला भातवाढा ताटावर तसाच थांबला होता.

"नको," त्या म्हणाल्या.

"अगं, पण—"

"ती जाऊन दहा दिवस झाले आणि मी तिच्या पाटावर बसू? तुझ्या गोवरात ती जागली. तुझ्या दहावीला तिने उपास केले. मी बाजूच्या खोलीत होते, शिरीष, मी सगळं बघितलंय. तुझी आई गेलीय. तिच्यासाठी नीट रड. माझी सोय लावू नकोस."

मग तो रडला. खुर्चीवरून खाली बसून, काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून, अक्कांना 'आई, आई' अशा हाका मारत. काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मी डबा ओट्यावर ठेवला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी फिरताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्या राजपुत्राच्या आईला उगाच नावं ठेवली. त्याला वाढवून मेलेल्या राणीची तिलाही आठवण असेल. इतिहासकारांना पायऱ्या दिसतात. दोन बायकांमधलं त्यांना काय दिसणार?"

मी म्हटलं, "याला पुरावा नाही, काकू."

"नसू दे. तू नको तपासूस."

सीमा उघडल्यावर काकू परत निघाल्या. विमानतळावर मीच गाडी नेली, कारण शिरीषला तेव्हा गाडी चालवणं जमलं नसतं. काकूंनी त्याला भाज्या कशा फ्रीज करायच्या ते तिसऱ्यांदा सांगितलं. मला म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, याच्याकडे लक्ष ठेव. आठवड्यातून एकदा तरी जेवायला बोलव. तुझ्या बायकोला म्हणावं, तिसऱ्या पायरीवर घेतलंय."

व्हीलचेअर घेऊन एक उंच, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी आली. तिने काकूंना बसवलं, पर्स मांडीवर दिली आणि शिरीषला विचारलं, "युअर मम?"

शिरीष क्षणभर काकूंकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येह. माय मम."

काकूंना इंग्रजी उत्तम येत होतं. त्यांनी त्याला दुरुस्त केलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि त्या मुलीला म्हणाल्या, "चला."