सगळ्यात हळू तो पुढे

माजी सैनिकांचे सत्कार मी आता बरेच पाहिले आहेत. त्यात सैनिक कमी आणि सत्कार जास्त असतो. गेल्या हिवाळ्यात लोणावळ्यातल्या एका सभागृहात असाच एक झाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, लवकर गेले आणि मधल्या वेळात त्यांनी अख्खा हिमालय आमच्या पायाशी आणून ठेवला. "या वीरांपुढे शिखरं झुकली," ते म्हणाले. शेजारी बसलेला माझा मित्र माझ्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, झुकलो तर आपुन हुतो. ओकाया."

तो मला मास्तर म्हणतो, कारण पलटणीत माझ्या पेटीत पुस्तकं असायची. त्याच्या पेटीत घरच्या तांदळाची पुरचुंडी असायची, आणि उपाशीपोटी कोणाची पेटी थोर ठरायची हे सांगायला नको. मी लोणावळ्याचा, तो पवनेच्या काठचा शेतकरी. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण आम्ही हिमालयात एकत्र घेतलं. पुढे मी कचेरीत गेलो आणि तो तिथेच उस्ताद झाला, म्हणजे नव्या पोरांना कडे चढायला-उतरायला शिकवणारा.

त्याचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. गुडघा बदलून वर्ष झालं होतं, तरी त्याचा मुलगा धावत पुढे गेला आणि दंडाला धरून त्याने बापाला वर चढवलं. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. शाल घेताना मित्राचा चेहरा मी पाहिला. ज्याने शेकडो पोरं बर्फाच्या भिंतींवरून सुखरूप खाली उतरवली, त्याला तीन लाकडी पायऱ्यांवर हात दिला गेला होता, आणि तोही माइकसमोर.

बाहेर गाडीपाशी मुलाने विषय काढलाच. तो देहूरोडला डेपोत नोकरीला आहे. पोरगा गुणी, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. "बाबा, आता बास. गावातलं घर उंचावर, शेत खाली. दिवसातून किती वेळा चढ-उतार करणार? माझ्याकडे लिफ्ट आहे. आईला घेऊन या."

"आनि माजी म्हस? ती बसंल व्हय लिफ्टमदी?" गाडीत बसलेल्या वहिनी, मित्राची बायको, म्हणाल्या.

"आई, म्हैस विकायची."

वहिनींनी गाडीचं दार धाडकन लावून घेतलं. मित्राने शालीची घडी घातली, काखेत मारली आणि विचारलं, "तिकोणा गड चडून उतरलो, तर?"

मुलगा हसला. "तर परत हा विषय काढणार नाही. पण नाही जमलं, तर महिन्याच्या आत सामान हलवायचं. कबूल?"

"कबूल. पन तू बी यायचं संगं. न्हाईतर म्हनशील, मास्तरानं खोटी साक्ष दिली."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाले, "हळू जा, काठी घ्या, हिरो बनू नका." त्या हंगामात मी ऐकलेलं ते सर्वांत चांगलं भाषण होतं.

या हिरो बनण्यापायीच आम्ही प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आडवे झालो होतो. तिकडचे उस्ताद एक बुटके गढवाली गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, डोंगरातले कोण कोण? आम्ही मावळातल्या पोरांनी हात वर केले. आम्हाला कोण डोंगर शिकवणार! लहानपणापासून गुरांमागे कडे पालथे घातलेले. वर जायचा हुकूम झाला आणि आम्ही सुटलो ते पळतच. पंजाबची सपाट मैदानातली पोरं खाली राहिली याचा आम्हाला भलता आनंद झाला. पहिल्या वळणापर्यंत तो टिकला. दुसऱ्या वळणावर छातीत हवाच मावेना, डोकं फुटायला आलं, आणि तिसऱ्यावर माझा मित्र एका दगडाला मिठी मारून ओकत होता. पंजाबी पोरं गप्पा मारत बाजूने गेली. आमचा सह्याद्री पळू देतो. तो डोंगर पळू देत नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

सर्वांत शेवटी उस्ताद आले, हात मागे बांधून, बागेत फिरायला निघाल्यासारखे. त्यांनी मित्राला उचललं नाही की त्याच्यावर राग काढला नाही. त्याला सगळ्या तुकडीच्या पुढे उभं केलं आणि म्हणाले, "सबसे धीमा, सबसे आगे." त्याच्यापुढे कुणी जायचं नाही. तो थांबला की सगळे थांबणार. तेव्हा आम्हाला ती शिक्षा वाटली. संध्याकाळी सगळी तुकडी एकाच वेळी, सगळी शुद्धीवर, वर पोचली, तेव्हा ती रीत असल्याचं कळलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गडाखालच्या तिकोणा पेठेत पोचलो. वहिनी भाकरीचं गाठोडं घेऊन पायथ्याशी एका ओळखीच्या घरी बसल्या. म्हणाल्या, "सावकाश या. मी म्हशीला सांगून आलीय."

मुलाने नवे बूट घातले होते. तो सुटला. मित्राने हाक मारली, "आरं, बापाच्या मागं ऱ्हा!" वरून उत्तर आलं, "बाबा, वर जाऊन वाट बघतो!"

"मास्तर, हे आपलंच बेनं हाय," मित्र समाधानाने म्हणाला आणि चालू लागला. काठी टेकायची, बरा पाय वर, मग दुरुस्त केलेला. प्रत्येक पावलाला क्षणभर थांबायचं. मध्येमध्ये तो मला मुद्दाम काही विचारायचा. पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं तरच वेग बरोबर, हाही उस्तादांचाच नियम. भाताचा भाव, माझी साखर, पाहुण्यांचं भाषण, सगळं बोलून झालं. दगडात कोरलेल्या मारुतीपाशी पाणी प्यायलो. बसलो नाही, बसलं की गुडघा आखडतो.

शेवटच्या उभ्या, गुडघाभर उंचीच्या पायऱ्यांवर त्याने काठी माझ्याकडे दिली आणि कडेच्या तारेला हात घातला. त्या पायऱ्यांना माइक नव्हता, टाळ्याही नव्हत्या. तो एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढला आणि मी मागून, गरज नसताना, हात पसरून चढलो.

वर महादेवाच्या देवळापाशी मुलगा बसला होता. चेहरा पांढराफटक, दोन्ही पोटऱ्यांत गोळे. समोर पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, लोहगड. त्याला काहीच दिसत नव्हतं. मित्राने त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पोटऱ्या चोळल्या आणि देवाला हात जोडून परत आला.

"चला. आजून आर्धं काम हाय."

उतरताना त्या उभ्या पायऱ्यांच्या तोंडाशी मुलाने खाली पाहिलं आणि तारेला धरून बसलाच. "बाबा, मला जमणार नाही."

"कोन म्हनतं खाली बग? कड्याकडं त्वांड कर. माज्याकडं पाठ." आणि मग तो बदललेल्या गुडघ्याचा माणूस मुलाच्या खालच्या पायरीवर उतरला, तारेभोवती कोपर अडकवलं आणि मुलाचा घोटा हातात घेतला. त्याचा आवाज मी कित्येक वर्षांनी तसा ऐकला. "उजवा सोड. मी धरलाय. आजून खाली. टेकला. आता डावा." घोटा धरायचा, पायरीवर ठेवायचा, थोपटायचा, मग स्वतः एक पायरी उतरायचं. मुलगा एकदाच म्हणाला, "बाबा, तुमचा गुडघा..." खालून उत्तर आलं, "त्यो नवा हाय. तुजे जुने हायेत."

पायऱ्या संपल्यावर मित्राने मुलाला सगळ्यांत पुढे उभं केलं. "सगळ्यात हळू, त्यो पुढं." मुलगा लंगडत चालू लागला, त्याच्यामागे बाप, बापामागे मी. खाली येईपर्यंत कुणी त्याला ओलांडलं नाही.

वहिनींनी दुरूनच वरात पाहिली. "ह्यो का लंगडतोय? पैज हेची हुती का त्येची?"

मुलाने बूट काढले, भाकरीला हात घातला आणि म्हणाला, "आई, म्हैस राहू दे."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच ठेचा पानात तसाच ठेवल्यावरून त्याला बोलल्या.

पंधरा दिवसांनी मुलगा लोखंडी नळ्या घेऊन गावी आला आणि घराच्या चढाला कठडा बसवू लागला. मित्राने हरकत घेतली नाही. म्हणाला, "बसव की. तू येत जाशील तवा लागंल तुला." कठडा मजबूत झाला आहे. त्यावर वहिनी गोधड्या वाळत घालतात. सत्काराची ती शालही मी तिथे पाहिली, थंडीत म्हशीच्या पाठीवर टाकून झाल्यावर धुतलेली.