बोटांवरचं पीठ

"हे काय आहे?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

सूक्ष्मदर्शकाखाली कपाशीच्या फुलातली पिवळी भुकटी होती. मी डोळा लावला. ही भुकटी मी लहानपणापासून मायच्या बोटांवर बघत आलो होतो.

"पीठ, सर."

"कसलं पीठ? ज्वारीचं?"

प्रयोगशाळेतली वीस-बावीस पोरं हसली.

"घरी कोण शिकवतं हे?"

"माय. ते सीड प्लॉटवर क्रॉसिंगले जाते."

"क्रॉसिंगलेऽ!" त्यांनी माझा 'ले' लांबवला. मग आमच्या विभागप्रमुखांकडे वळून म्हणाले, "यांना राखीव जागा देता येते हो सरकारला. जीभ कुठून आणून देणार?"

विभागप्रमुखही हसले. ते मला वर्षभर शिकवत होते. परीक्षा संपेपर्यंत मला दाराशी उभं केलं. बाहेर पडणारा एकेक जण कानाशी येऊन म्हणत होता, "पायलीभर पीठ दे बे."

बरोबर उत्तर होतं परागकण. मला ते पाठ होतं. तोंडात मायचा शब्द आधी आला, एवढाच माझा गुन्हा.

हिवरा आश्रमापासून दोन कोसांवर आमचं गाव. बुद्धविहारामागे घर. माय दुसऱ्याच्या शेतात संकरित बियाण्याचं काम करायची, त्यालाच क्रॉसिंग म्हणतात. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि आतले नर एका फिरकीत सोलून काढायचे, खुणेला लाल कागद अडकवायचा. सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याचं पीठ त्या कळीच्या मादीला लावायचं. नख जरा खोल गेलं की कळी मेली. मायची कळी सहसा मरत नसे.

त्या दिवशी मी घरी आलो. ती हात धूत होती.

"माय, त्याले पीठ म्हणत नोको जाऊ. अडाण्यासारखं वाटते."

"मंग काय म्हणू, बाबू?"

"परागकण."

तिनं म्हणून बघितलं. नीट जमलं नाही. मी हसलो. परीक्षक हसले होते तसाच. तिनं हात पदराला पुसले आणि चुलीकडे गेली. त्यानंतर माय माझ्याशी तिच्या कामाबद्दल कधीच बोलली नाही. चार वर्षांपूर्वी गेली. तोवर बोलली नाही.

मी खामगावात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झालो. बोलणं घासूनपुसून असं केलं की पुण्याहून आलेला एक सहकारी म्हणाला, "तुम्ही मूळचे इकडचे वाटत नाही." मी दिवसभर खूश होतो. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांसाठी पारिभाषिक शब्दांची पुस्तिका करायला घेतली. कोणता शब्द कुठून आला ते शोधायला ग्रंथालयातले जाड कोश काढले. पोलन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बारीक पीठ. मी ती ओळ पुन्हा वाचली. पीठच होतं. स्टॅमेन, ज्याला आपण पुंकेसर म्हणतो, तो मागावरचा उभा धागा. पेटिओल, पानाचा देठ, म्हणजे छोटा पाय. टेस्टा, बियांचं कवच, म्हणजे भाजलेल्या मातीचं भांडं, खापर. स्टोमा, पानावरचं छिद्र, ग्रीकमध्ये तोंड.

जातं, माग, मडकं, हात-पाय-तोंड. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या राबणाऱ्या बायाबापड्यांच्या तोंडचे शब्द. त्यांचे शब्द शास्त्र झाले. माझ्या मायचा तोच शब्द विनोद झाला. चूक शब्दात नव्हती. तो कुणाच्या तोंडून येतो, हे बघून हसणारे हसले होते.

हे कळल्यावर मी काय केलं? कोश मिटला. पुस्तिकेत छापलं : 'परागकण'. मूळ अर्थाचा रकाना काढून टाकला. लोक काय म्हणतील, म्हणून.

आणि यंदा ऑगस्टमध्ये वर्गात परागकण शिकवताना एक मुलगी उभी राहिली. वैशाली. मेहकर तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी, सुट्टीत आईबरोबर क्रॉसिंगला जाणारी. म्हणाली, "सर, आम्ही याले पीठ म्हणतो."

मी म्हणालो, "ते शेतात म्हणायचं. इथं नाही."

वर्ग हसला. मी हसू दिलं. तिला पुढच्या अपमानापासून वाचवतोय, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला माझंच मूळ उघडं पडायची भीती वाटली होती.

हिवाळी परीक्षेला परीक्षक आले. तरुण, नम्र, स्वच्छ बोलणारे. वैशालीपुढे कपाशीची कळी होती. तिनं चिमट्याला हातही लावला नाही. अंगठ्याचं नख, एक फिरकी, कळी साफ. मादीला ओरखडा नाही. मी मायचा हात बघत होतो.

"चिमटा कशाला ठेवलाय?" परीक्षक म्हणाले. "हे काय भाजी निवडणं आहे? बरं, बोटांना काय लागलंय?"

ती गप्प.

"सांग."

परीक्षकांनी शून्य मांडलं. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "सर, तुम्ही कष्टानं वर आलात. पण सगळ्यांना झेपत नाही हो हे."

मी तिला म्हणालो, "तुझ्या शब्दात सांग, पोरी."

तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "नाही सर. तुम्हीच म्हणाले होते, इथं नाही म्हणायचं."

 

परीक्षकांनी गुणांचा तक्ता सहीसाठी पुढे सरकवला. मी पेन खाली ठेवलं.

"या शून्यावर मी सही करणार नाही."

"नियमात चिमटा आहे, सर."

"कळी बघा. तुमच्या चिमट्यानं अशी एक सोलून दाखवा."

त्यांनी चिमटा उचलला नाही. मी कोरा कागद घेतला आणि विद्यापीठाला लिहिलं : विद्यार्थिनीला प्रयोग येत होता. उत्तरही येत होतं. तिला गप्प मी केलं. दोष माझा आहे, शून्य तिला नको. खाली सही केली.

"तुमचीच चौकशी लागेल," ते म्हणाले.

"लागू द्या."

निर्णय अजून आलेला नाही. वैशाली माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं, असं मागायचा अधिकार मला नाही. ज्या एका बाईची मी माफी मागायला हवी होती, ती आता नाही, आणि तिच्या नावानं मला कुणी माफ करू नये.

पुस्तिका मी पुन्हा छापतोय. काढून टाकलेला रकाना परत घातलाय, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, आमच्या गावांचा. परागकणापुढे पहिला शब्द मायचा आहे. माझ्या प्रयोगशाळेत तो शब्द मोठ्यानं उच्चारला जाईल. हसणारा बाहेर जाईल. मग तो परीक्षक असो, विभागप्रमुख असो, की मी.