ज्याने त्याने आपलं काम आणावं

दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस फार वेळ गप्प राहत नाही. मेहकरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायचो. शिक्षण चौथी. बोलणं कमी. त्यामुळे लोक बोलायचे आणि मी ऐकायचो. सदऱ्याच्या खिशात एसटीची जुनी तिकिटं साचतात ना, तसे हे किस्से साचले.

*

आधी माझंच सांगतो. पन्नाशी ओलांडली आणि जवळचं धूसर झालं. थेंब डोळ्यात पडायचा तो गालावर पडू लागला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काकांना आता गेटवर बसवा." गेटवर बसणं काही वाईट नाही. पण मला थेंब टाकायला आवडायचं. माणूस मान वर करून, डोळा उघडा ठेवून आपल्या भरवशावर बसतो!

मी गुपचूप बाजारातून चष्मा आणला. खुर्चीवर शेख चाचा होते, बसस्टँडमागचे टेलर. मी वाकलो आणि चष्मा घसरून थेट त्यांच्या नाकावर जाऊन बसला!

चाचा हलले नाहीत. म्हणाले, "नामदेवभाऊ, राहू द्या. मले आता बरं दिसून राह्यलं!"

*

याच चाचांना डॉक्टरबाईंनी जवळचं वाचायची पाटी दिली. चाचांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"बाई, हे वाचून मी कोनाची पँट शिवू?"

दुसरा कोणी डॉक्टर चिडला असता. बाईंनी पाटी ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाल्या, "खरंय. उद्या सुई-दोरा घेऊन या."

तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. जवळची नजर तपासायची, तर ज्याने त्याने आपलं काम आणायचं. कोणी तांदूळ निवडायला आणला, कोणी घड्याळ उघडून बसला. चाचांना मोतीबिंदू सुरू झाला होता, म्हणून बाईंनी चष्मा घालवणाऱ्या लेझर ऑपरेशनला साफ नाही म्हटलं. चष्म्यावरच त्यांची सुई ओवली गेली.

*

लेझरचं मशीन औरंगाबादला. बाई महिन्यातून एकदा चार-पाच पेशंट जीपमध्ये घालून स्वतः न्यायच्या. त्याआधी आठवडाभर डोळ्यात लेन्स घालून बघायला लावायच्या, कारण या ऑपरेशनमध्ये एक डोळा जवळचं बघायला करतात आणि दुसरा लांबचं बघायला ठेवतात. हे लोकांना पटायचं नाही. मग बाई सांगायच्या, "एक डोळा बोंडावर, एक डोळा बांधावर!" लगेच पटायचं.

*

एक शेतकरी, वसंतराव, कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन आले. लेझरनंतर त्यांनी पाकिटामागची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. उगवलं नाही तर कंपनी काय करणार नाही, अळी पडली तर काय करणार नाही, सगळं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं हे माह्या हातातच होतं का बे!"

पुढच्या हंगामात ते बियाण्याच्या दुकानासमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाकीट वाचून दाखवू लागले. दुकानदाराचा दवाखान्यात फोन आला.

"बाई, याचा जुना डोळा वापस करा!"

*

कासाबाई सीड प्लॉटवर, म्हणजे संकरित बियाणं तयार करतात त्या शेतात, क्रॉसिंगला जायची. कपाशीची कळी सोलायची, आतले नराचे बारीक दाणे नखानं काढायचे आणि मधली काडी मोडू द्यायची नाही. एक दाणा राहिला तरी मुकादम त्या झाडाच्या सगळ्या कळ्या तोडून टाकतो. घरच्या कपाशीवर बोंडअळी पडलेली, घर या कामावर चाललेलं, आणि तिचे दाणे राहू लागले होते. वाकून काम, घाम, चष्मा टिकत नव्हता.

लेझर झाल्यावर ती ओल्या फडक्यात कळ्या गुंडाळून एसटीनं आली. बाईंच्या टेबलावर तिनं दहा कळ्या सोलल्या. बाईंनी भिंग लावून एकेक बघितली. दाणा नाही! बाईंना इतका आनंद झाला की म्हणाल्या, "मला करू दे एक."

पहिल्याच कळीची काडी तुटली. दुसरीचीही.

कासाबाईनं हळूच कळी काढून घेतली. "बाई, तुमी डोयेच पाहा. तुमाले कोनी रोजानं नाई लावनार!"

बाई इतक्या हसल्या की त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं.

*

गुपचूप चष्मा लावायची माझी चोरी बाईंना केव्हाच कळली होती. एका महिन्यात जीपमध्ये चढताना त्यांनी मलाच पुढं घातलं. "काका, आज तुम्ही पेशंट."

लेझर झाल्यावर काही दिवस मी गेटवर बसलो. मग एका सोमवारी बाईंनी आत बोलावलं.

"काका, नियम माहीत आहे ना? काम कुठंय तुमचं?"

मी रिकामे हात दाखवले. माझं काम मी काय आणणार?

काउंटरच्या मॅडम दारात उभ्या. बाई उठल्या, पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, मान मागं टाकली आणि डोळा उघडा ठेवला.

"टाका."

मी साध्या थेंबांची बाटली उचलली. वाकलो. मी थांबलो. बाई पापणीसुद्धा न लववता वर बघत राहिल्या. मग मी थेंब सोडला.

बाई उठल्या. गालाला हात लावून बघितला. गाल कोरडा होता.

"काका, बाहेर किती जण आहेत?"

"बावीस."

"मग उभे काय राहिलात?"