आजोबांच्या कॅमेऱ्यातली खाच

माझ्या आजोबांना मुंबईच्या एका फिल्म कंपनीच्या मालकाने फसवलं, आणि मला त्या मालकाच्या नातवाने. दोन्ही वेळा चोरी एकाच गोष्टीची झाली. नावाची.

आजोबा मूकपटांच्या काळातले कॅमेरामन. इंदूरला एका फोटोवाल्याकडे काचा धुता धुता काम शिकले आणि मुंबईला गेले. तिथे त्यांनी इतके चित्रपट टिपले, की म्हातारपणी त्यांना स्वतःलाही सगळे आठवत नसत. देव प्रकट होणारे, घोडे उधळणारे, तलवारींचे, रडारडीचे. एक संपला की लगेच दुसरा. उघड्या छताच्या स्टुडिओत पांढरं कापड ताणून ऊन गाळून घ्यायचं, आणि ढग आला की राजासकट सगळ्या दरबाराने बिड्या ओढत बसायचं. देव प्रकट करायचा तर तीच फिल्म मागे फिरवून तिच्यावर पुन्हा चित्र घ्यायचं. हात चुकला तर दोन्ही चित्रं वाया. आजोबांचा हात चुकत असता तर मालकाने त्यांना ठेवलंच नसतं.

कॅमेरा हाताने फिरवायचा असे. वेग बिघडला की पडद्यावर माणसं पळतात नाहीतर रेंगाळतात. तो वेग आजोबांच्या मनगटात असा मुरला होता, की काम सोडून इंदूरला परतल्यावर घरी आइस्क्रीमच्या पॉटला ते कुणाला हात लावू देत नसत. "सोड ते. तुझ्या हाताने राजा पळत सुटेल," म्हणायचे. आमच्या घरचं आइस्क्रीम गल्लीत सगळ्यात चांगलं व्हायचं, आणि त्याचं श्रेय तरी त्यांना मिळायचं.

पडद्यावर 'छायाचित्रण' या शब्दाखाली नाव असायचं मालकाचं. त्या गृहस्थाला कॅमेऱ्याचं झाकणही उघडता येत नव्हतं. आजोबा भांडले. माझा राग त्यांच्याकडूनच आला आहे. मालक म्हणाला, "कंपनी माझी, नाव माझं." कॅमेरा मात्र आजोबांचा होता. त्यांनी त्यातली पितळी खिडकी, म्हणजे ज्या चौकोनातून फिल्मवर उजेड पडतो ती पट्टी, बाहेर काढली आणि बारीक गोल कानशीने तिच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच पाडली. त्या दिवसापासून त्यांनी घेतलेल्या प्रत्येक चित्राची कड त्या जागी जराशी बाहेर आली. पडद्यावर ती दिसत नाही, कारण दाखवणारं यंत्र कडा झाकतं. फिल्म हातात घेऊन उजेडात धरली की दिसते. "पडद्यावर तो, फिल्मवर मी," असं सांगून आजोबा मिशीत हसायचे.

कंपनी बुडाल्यावर जुन्या फिल्मा चांदी काढायला भंगारात निघाल्या. त्यातला एक डबा आजोबांनी गाडीवरून उचलून आणला. ती फिल्म ठिणगी लागली तरी पेट घेणारी. दिवाळीत गल्लीत फटाके सुरू झाले की आजोबा त्या डब्याशेजारी पाण्याची बादली घेऊन बसत.

मी त्यांचाच नातू. सांवेर रोडच्या कारखान्यात कानस घासत हात काळे केले, आणि आज इंदूरच्याच सियागंज बाजारात माझं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे. भाव करताना मी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नाही असं बाजारात म्हणतात. खरं आहे.

मालकाचा नातू त्या डब्यासाठी दुकानात आला. जुना चित्रपट नवा करून दाखवायचा होता आणि त्याचा शेवटचा भाग फक्त आमच्याकडे होता.

"काका, काय घ्याल ते बोला."

"नाव घेईन. माझ्या आजोबांचं. पडद्यावर, तुझ्या आजोबांच्या आधी."

"आधी कसं जमेल? शेवटी सगळ्यांबरोबर टाकू ना."

"मग डबाही सगळ्यांबरोबर राहू दे. भंगारात."

तो हसला, मी हसलो नाही. ओढाताण होऊन ठरलं, की नाव एकटं येईल, वेगळं, मालकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मी त्याला खाच दाखवली. "वा! सहीच आहे ही," तो म्हणाला. शेजारचा किराणावाला साक्षीला होता. "भिया, बंबई का आदमी है, लिखवा ले," तो कानात म्हणाला. मी म्हटलं, सियागंजात चार लोकांसमोर बोललेला सौदा फिरत नाही, आणि डबा नातवाच्या हातात दिला. इथे फिरतही नाही. मुंबईची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

इंदूरला खेळ झाला तेव्हा मी घरच्यांना, गल्लीला, त्या किराणावाल्यालाही घेऊन गेलो. अंधार झाला. 'छायाचित्रण'. खाली मालकाचं नाव. शेवटपर्यंत दुसरं नाव आलं नाही. पण चित्र काय होतं! आगीतून देवी चालत येते, आणि माझ्यामागे कुणीतरी श्वास रोखला तो मला ऐकू आला. एवढ्या वर्षांनी आजोबांनी इंदूरचा श्वास रोखला. छाती भरून आली आणि त्याच छातीत आग लागली.

बाहेर भिंतीवर त्याच फिल्मचा तुकडा मोठा करून लावला होता. कडा सरळ, चकचकीत.

"खाच कुठे गेली?" तिथेच उभ्या असलेल्या मालकाच्या नातवाला मी विचारलं.

"काका, ते डॅमेज होतं. कंप्यूटरवर साफ केलं."

"आणि नाव?"

"पुरावा लागतो ना काका. कॅमेरा त्यांचा होता याला काही आधारच नाही."

मी एवढा ओरडलो की किराणावाल्याने मला धरून रिक्षात बसवलं.

पण मी दुकानदार आहे. सगळा माल पहिल्याच गिऱ्हाइकासमोर काढत नाही. आजोबांनी म्हातारपणी कॅमेरा विकला तेव्हा त्यातली पितळी खिडकी काढून ठेवली होती. ती माझ्या गल्ल्यात आहे, त्यांच्या त्या गोल कानशीच्या शेजारी. नातवाला ती मी दाखवलीच नाही.

आजोबांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. ते आधी पडद्यावर येईल, मग कागदावर.

तर बाबा रे, मूळ फिल्म अजून तुझ्याकडे आहे. ती घेऊन इंदूरला ये, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर. मी खिडकी घेऊन येतो. दोन्ही एकमेकांवर ठेवू. खाचेत खाच बसली की उजेडात उभा राहा आणि सांग, कॅमेऱ्यामागे कोण होतं? आणि ते ठाऊक असताना तू ते का पुसलंस?