अप्पांना ऐकू आलेली हवा

बायकोपासून मला साधी विडी लपवता आली नाही, पण ही गोष्ट तिलाही कळलेली नाही. आज सांगून टाकतो. आधी अप्पांबद्दल सांगतो – म्हणजे माझी पाळी जरा लांबेल.

पंचाहत्तर सालच्या आसपास भवानी पेठेतल्या एका गॅरेजात मी मिस्त्री होतो. सिद्रामअप्पा हेडमिस्त्री, मूळचे कानडी मुलखाला लागून असलेल्या दुधनीचे. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं ते इंजिनावरून फिरवायचे आणि दुखणं बरोब्बर सांगायचे. सगळे टॅक्सीवाले त्या कानावर विसंबून. मला हेवा वाटायचा का? वाटायचा की. पण जे झालं ते हेव्यानं नाही, भीतीनं झालं.

एका डॉक्टरांच्या ॲम्बॅसिडरचा कार्बोरेटर मी उतरवून साफ केला होता. परत बसवताना खाली नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून हवा जाऊ न देणारी पातळ चकती, घालायचं असतं. मी जुनंच, कड मोडलेलं, दडपून दिलं. का? कंटाळा – दुसरं काय! चार दिवसांत गाडी परत आली. उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. अप्पांची नळी फिरत फिरत कार्बोरेटरच्या बुडाशी थांबली.

"केळो," म्हणाले. म्हणजे कानडीत 'ऐक'. "हितं हवा खेचतीया की."

मलाही ऐकू येत होतं, बारीक पण स्पष्ट. पण डॉक्टर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "काय बी न्हाय, अप्पा. तुमचं कान गेलं की आता."

डॉक्टर हसले. वयानं होतं असं, म्हणाले. डॉक्टरच म्हणाल्यावर अप्पा काय बोलणार? त्यांनी पुन्हा नळी लावली. पुन्हा एकदा लावली. मग गुंडाळून खिशात ठेवली.

अप्पा जेवायला गेले तेव्हा मी त्या सांध्यावर चार थेंब ऑइल सोडलं. इंजिन लगेच सावरलं – हवा तिथूनच आत जात होती. गॅस्केट बदललं, जुनं गटारात फेकलं. अप्पांना सांगितलं, पेट्रोलमध्ये कचरा होता.

"बरं झालं, तू हाईस," अप्पा म्हणाले.

त्यानंतर प्रत्येक गाडीला ते नळी माझ्याच हातात द्यायचे. वर्षभरात गॅरेज सोडून दुधनीला शेतावर गेले. हेडमिस्त्री मी झालो.

एकदा खरं सांगायचं ठरवून दुधनीला गेलो. दिवसभर बसलो, भाकरी खाल्ली, बोललो मात्र नाही. निघताना रस्त्यावर अप्पा एकदम थांबले. "एसटी येतीया का रं? का मला भासच हुतोय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं वळणावर एसटी दिसली. मी चढलो आणि खिडकीतून हात केला.

अप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. हे सांगून मला हलकं वाटतंय, अगदी मोकळं – खोटं कशाला बोलू? त्यांचे कान चांगले होते. त्यांना सोडून आता सगळ्यांना ते ठाऊक झालं.