मेलेआनेचं स्वतःचं घर

मेलेआने ऑकलंडला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आठ माणसांत राहायची. वृद्धाश्रमातल्या कामावर जाण्यायेण्यातच तिचे तीन तास जायचे. चाळिशीत ती नवऱ्याला घेऊन देशाच्या पार दक्षिणेला, आमच्या इन्व्हरकार्गिलला आली. इथं घरं स्वस्त, म्हणून तिला स्वतःचं घर घेता आलं आणि कामही पायी दहा मिनिटांवर मिळालं.

पहिल्याच हिवाळ्यात तिची आई लोसेलिनी ऑकलंडहून तिला परत न्यायला आली. तीन स्वेटर चढवून ती रोज कुरकुरायची.

"स्वस्त म्हणे! भाड्यात वाचलं ते हीटरनं खाल्लं. उद्या मी मेले तर रडायला इथं येणार कोण?"

"तिथं रडायला पुष्कळ होते गं आई. पण तुझ्याशी दोन शब्द बोलायला मला वेळ होता का?"

रविवारी दोघी आमच्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या आम्हा लोकांच्या, चर्चमध्ये आल्या. आम्ही जेमतेम अकरा जण. आमचं गाणं ऐकून म्हातारीचं तोंड आंबट झालं. दुसऱ्या कडव्याला ती उठलीच.

"थांबा रे! सगळे एकाच सुरात काय ओरडताय?"

आमची प्रार्थनागीतं वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायची असतात; तिनं प्रत्येकाला आपापला सूर नेमून दिला. त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो. पुढे तिनं परतीचं तिकीट दोनदा लांबणीवर टाकलं.

मेलेआनेला मात्र ऑकलंडची चारशे माणसांची प्रार्थना आठवली की अजून रडू येतं.

"मग परत जाणार का गं?" मी विचारलं.

"नाही काकी. पण इथं सगळं छान आहे, असं मला म्हणायला लावू नका."