उजवीकडे अंधार आहे

माझ्या या मित्राइतक्या गंभीर चेहऱ्याने खोटे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पैनगंगेपासून गोदावरीपर्यंत शोधला तरी कुणाला सापडायचा नाही. खोटे म्हणजे फसवाफसवी नव्हे. त्या बाबतीत तो इतका सरळ आहे की दुकानदार त्याला बघून कंटाळतात. पण दर रविवारी दुपारी दोनला मावला या हायवेकाठच्या वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात तो खिडक्यांवर चादरी टाकायचा, पंखा एकवर आणायचा आणि आम्हा तिघांना सांगायचा की आपण पॅरिसमध्ये आहोत. आणि आम्ही खरोखर असायचो. बाहेर हायवेवरून ट्रक जात असायचे, ते आम्हाला तोफांचे गाडे वाटायचे. हा गृहस्थ स्वतः नागपूर आणि हैदराबाद यांच्या पलीकडे कधी गेलेला नाही.

शाळेत तो आणि मी एका बाकावर बसायचो. पुढे तो सरकारी हायस्कुलात भौतिकशास्त्राचा मास्तर झाला आणि मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बी.एड.ला असताना हैदराबादच्या होस्टेलमधून त्याने एका खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. खेळ असा की प्रत्येकाने एकेक व्हँपायर व्हायचे, म्हणजे रक्त पिऊन जगणारा आणि म्हातारपणाने न मरणारा माणूस. पट नाही, सोंगट्या नाहीत. आपण काय करतो ते आपण तोंडाने सांगायचे, जमले की नाही ते फासे सांगणार. आणि उरलेले सगळे जग, म्हणजे राजा, शिपाई, भाकरीच्या रांगेतल्या बाया, घोडे, पाऊस, हा एकटा मास्तर. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. झेरॉक्सची निम्मी पाने काळी आलेली, म्हणून निम्मे नियम त्याचे स्वतःचे. मी एक अडीचशे वर्षांचा सरदार होतो, पोस्टातला आमचा तेलुगू मित्र फौजेतला डॉक्टर होता, आणि वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, पावाच्या भट्टीची मालकीण. पावाचा दुष्काळ पडला तेव्हा वहिनींनी स्पष्ट सांगितले, "पाव नसंल त कोनी राजावर उठत नाइ. जवारीचा दुष्काय करा." तेव्हापासून आमच्या पॅरिसचे लोक ज्वारीच्या भाकरीसाठी उठले.

त्याच्यासमोर कुणी व्हँपायरला भूत म्हटले की तो फासे खाली ठेवायचा. "भूत नोहे ते. भुताले मेल्याचं दुःख असते. याले न मेल्याचं." आणि क्रांतीच का, असे मी एकदा विचारले तर म्हणाला, "राजाचं मुंडकं उडवता येते गा. पन जो आपल्यानं मरतच नाइ, त्याचं लोकाइनं काय कराव?" हा प्रश्न तो वर्गात गुरुत्वाकर्षण विचारावे तसा विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. वहिनी चहा आणायला उठायच्या.

पॅरिसमध्ये त्याने निजामशाही आणली होती. सरदार हे जागीरदार, त्यांचे कारकून पेशकार, राजाची आज्ञा म्हणजे फर्मान. गोष्टीत कुणाचा शिरच्छेद झाला की तो आजीच्या अडकित्त्याने एक सुपारी कातरायचा, खांडे सगळ्यांना वाटायचा आणि एक मिनिट उभे करायचा. राजाच्या दिवशी मुद्दाम मोठी सुपारी आणली होती. पोस्टातल्या मित्राला सुपारी सोसत नाही, त्याला बडीशेप मिळे. पण उभे राहणे त्यालाही चुकले नाही. आणि रक्ताच्या गोष्टी सांगणारा हा वीर स्वतः रक्त पाहू शकत नाही. साखर तपासायला गेला तर सुई टोचण्याआधी खुर्चीवरून घसरला; नर्सबाईंनी मला फोन केला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "बैलाच्या आंगात रगत किती असते गा?" पुढच्या रविवारसाठी हवे होते.

माझ्या सरदाराची हवेली त्याने सहा वर्षांत शंभरदा वर्णिली असेल, आणि दर वेळी एकाच शब्दांत. निळे दार. आत डाव्या हाताला पितळेचे घंगाळ, त्यामागे भिंतीला टेकलेली शिडी, शिडीच्या वर पाच मिनिटे पुढे चालणारे घड्याळ. फ्रान्सच्या सरदाराकडे घंगाळ कसे, असे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारले ते वेगळेच. "आणि उजवीकडे काय आहे?"

"उजवीकडं अंधार हाय."

"अबे, हवेली माही हाय!"

"असंल. मले नाइ दिसत."

आम्ही हसलो. पोस्टवाला म्हणाला, उजवीकडे नक्की खजिना असणार. मास्तरांनी ग्राफपेपरवर पॅरिसचा नकाशा काढून भिंतीला लावला होता. त्यातही हवेलीचा उजवा भाग पेन्सिलीने काळा करून टाकलेला.

पण त्याची सगळ्यात मोठी खोड उंबऱ्याची. व्हँपायरला आतून बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाय ठेवता येत नाही, हा त्या खेळाचा नियम. आणि हा नियम तो स्वतः पाळायचा. माझ्या क्वार्टरवर आला की दार उघडे असले तरी चौकटीबाहेर उभा. मी ओरडायचो, "ये ना बे!" मग चप्पल काढणार. दिवाळीला सासुरवाडीला गेला तेव्हा सगळे मागच्या अंगणात होते. हा पिशवी घेऊन पाऊण तास दारात. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, येड लागलं याइले त्या खेयाचं." मलाही तेच वाटे. आणि नियम साधासुधा नव्हता. एकदा पोस्टवाल्याचा डॉक्टर एका न्यायाधीशाच्या घरी गेला, दारातला नोकर म्हणाला "या या", हा आत शिरायला गेला आणि उंबऱ्यावरच जळून राख झाला. पोस्टवाला उठून उभा राहिला. "क्यों जी? बुलाया ना उसने!" मास्तरांनी शांतपणे सांगितले की नोकराच्या बोलावण्याने होत नाही, घर ज्याचे, त्यानेच म्हणावे लागते. पोस्टवाला दोन रविवार आला नाही.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवे. आम्ही दोघे नेरडीगोंड्याजवळच्या एकाच गावचे. आमचे कापसा-ज्वारीचे शेतकऱ्याचे घर, त्याचे बौद्धाचे. त्याचा आजा आणि नंतर बाप आमच्याकडे सालगडी होते, वर्षाच्या बोलीने राबायचे. पुढे त्यांचा पोरगा मास्तर झाला, तो गाव सोडून मावल्यात राहिला. आमचे घर अजून तिथेच आहे, आणि शहरात यायचे नाही म्हणून आई हट्टाने तिथे राहते. वाडा वगैरे काही नाही. चार खोल्या, पुढे टिनाची पडवी आणि तीन पायऱ्या. दर हिवाळ्यात मी त्याला हुरड्याला नेतो. तो शेतात येतो, पोटभर हुरडा खातो, मग अंगणात येतो आणि पायरीशी थांबतो. मी ओट्यावर त्याच्याजवळ बसतो. आई आतून चहा पाठवते, कागदी कपात. "बाहेरच बरं वाटते," असे तो म्हणतो, "हवा चांगली हाय," असे मी म्हणतो, आणि आम्ही दोघेही खरे बोलत नसतो. आई पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे. तिच्या हयातीत हा माझ्या घरात एकदा बसावा, एवढी माझी इच्छा होती. मावल्यात मी त्याला कितीदा म्हटले, या वेळी आत चल. तो म्हणायचा, "नियम हाय." मी खेळातली गंमत समजून सोडून द्यायचो.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी लोकांनी माझी हवेली पेटवली. मी पळत सुटलो. पहाट होत आलेली, उजेड अंगावर पडला की मी संपणार. एका गल्लीत एकच दिवा दिसला. घर धोब्याच्या विधवेचे होते. मी दार ठोठावले आणि फासे हातात घेऊन तयार राहिलो. गोड बोलण्यात माझा सरदार पटाईत होता.

"कोन हाय?" मास्तरांनी म्हाताऱ्या बाईच्या आवाजात विचारले.

"मी. हवेलीवाला. बाई, मले आत घ्या."

"तुमच्या हवेलीवर माहा नवरा जलमभर राबला, मालक. त्याच्या आंधी त्याचा बाप. माहं पोरगं रोज तुमच्या पायरीशी उभं राहे." आवाज अजून बाईचाच होता. "तुमी कवा कोनाले म्हनलं, आत ये?"

यावर सरदाराकडे दहा उत्तरे होती. फासे टाकले असते तर जमलेही असते. पण मला एकदम आमचे अंगण दिसले. शाळेच्या वेळेला तो दप्तर घेऊन पायरीखाली उभा असायचा, माझ्या नावाने हाक मारायचा, आणि आतून आई म्हणायची, "थांब, येतो तो." मग मी पळत बाहेर जायचो. दहा वर्षे, रोज. मी नेहमी पळत बाहेरच गेलो.

"नाइ म्हनलं," मी म्हणालो. ते सरदाराने म्हटले नव्हते, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना कळले. मास्तरांनी फासे गोळा करून डबीत टाकले, खिडकीवरची चादर काढली आणि स्वतःच्या आवाजात म्हटले, "आज इतकंच." सहा वर्षांत पहिल्यांदा खेळ चार वाजताच उठला.

पुढच्या शनिवारी मी गावी गेलो. आई पडवीत तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला मी सरळ विचारले, तू त्याला कधी आत ये म्हटलेस का? तिने हात थांबवला नाही. "तवा कोन म्हने? तुह्या बापानं म्हनलं का? तू म्हनलं का?" सूप एकदा हलवून तीच पुढे म्हणाली, "त्याची माय गेली तवा म्या गेल्ती त्याइच्या घरी. मले खाटेवर बसवलं. चहा देल्ला." मग आणखी चार खडे काढून म्हणाली, "पेली म्या." आणि मला उठवले, की उजेडाच्या आड बसू नको, डाळ दिसत नाही.

जानेवारीत हुरड्याला तो आला. त्या विधवेबद्दल आमच्यात पुन्हा एक शब्द निघाला नव्हता. खेळ कधी शाळेच्या, कधी पाहुण्यांच्या निमित्ताने राहत गेला होता. अंगणात येऊन तो पायरीशी थांबला आणि मी ओट्यावर बसलो. त्याच्या शेजारून मी सहज आत पाहिले, आणि मला पहिल्यांदा दिसले की त्या जागेवरून आमच्या घराची फक्त डावी भिंत दिसते. घंगाळ कधीच मोडीत गेले, निळ्या दाराला हिरवा रंग देऊनही वर्षे झाली. पण शिडी तिथेच आहे, आणि तिच्या वरचे घड्याळ अजून पाच मिनिटे पुढे आहे. सहा वर्षे हा माणूस मला माझेच घर सांगत होता, जेवढे त्याला पायरीवरून दिसले तेवढे.

आतून, उजवीकडून, आईचा आवाज आला. "कोन हाय?" तिला माहीत होते कोण ते. तरी त्याने आपले नाव सांगितले. मला वाटले, आता कागदी कप येणार.

"मंग थांबून काऊन राह्यला तिथं?" आई रागावल्यासारखी म्हणाली. "आत ये."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "घराचा मालकी-पट्टा तिच्याच नावाचा हाय." तरी चप्पल काढायला त्याने फार वेळ लावला. मग तीन पायऱ्या चढला, उंबऱ्यावर जरा थबकला, आणि आत जाऊन पहिल्यांदा उजवीकडे वळला. तिथे आमचा बिघडलेला कूलर होता, खताची दोन पोती, गोळ्यांचा डबा, आणि खाटेवर गुडघे चोळत बसलेली आई. तो बघत राहिला. मला म्हणाला, अगदी हळू, "एवढंच होतं का बे?"

आईने मला फळीवरची कपबशी काढायला लावली, पाहुण्यांची. ती दोघे त्याच्या मायबद्दल बोलत बसली आणि मी आत जाऊन चहा ठेवला. तो उतू जाईपर्यंत मी बाहेर आलो नाही, कारण माझे डोळे बरे दिसत नव्हते.

तेव्हापासून खेळ बंदच आहे. वहिनी म्हणतात, "आता रविवारी दुपारी काय कराव, भाऊजी?" पोस्टवाल्याने दोनदा फोन केला. मास्तर म्हणतात, "हवेली पाहून टाकली ना. आता खोटं जमत नाइ." भिंतीवरचा नकाशा मात्र त्याने उतरवलेला नाही, आणि उजवी बाजू अजून काळीच आहे. मला त्या बंद खिडक्यांची, सुपारीची, एक मिनिट उभे राहण्याची फार आठवण येते. आपल्या हाताने आपणच ते मोडले असेही कधी वाटते, आणि मोडले ते बरे झाले असेही.

होळीच्या आधी त्याच्याकडे गेलो होतो. तो पेपर तपासत होता. मी मुद्दाम चौकटीबाहेर उभा राहिलो, त्याने मान वर न करता "ये" म्हटले, आणि मी आत जाऊन बसलो. धीर करून विचारले, "अबे, त्या बाईनं दार उघडलं का? माहा सरदार गल्लीतच हाय, अन् पहाट होऊन राह्यली."

त्याने लाल पेन थांबवला. चेहरा तोच, पॅरिसचा.

"इचारून सांगतो तिले," तो म्हणाला.

अजून सांगितलेले नाही. मीही घाई करत नाही.